हिवाळ्याचा अंदाज आणि पावसाळ्याची भाषा
डहाणू ते निफाड या पट्ट्यातील मिश्र हवामानाच्या पूर्वानुमानाची समीक्षा

१

हवामानाचा अंदाज हा भाषेच्या समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांच्या मनात प्रथमदर्शनी उभा राहणे स्वाभाविक आहे. अंदाज खरा ठरला की खोटा एवढीच त्याची परीक्षा, आणि ती करावयाची तर पर्जन्यमापकाने व तापमापकाने, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. अंदाज हे प्रथमतः एक विधान असते. ते कोणीतरी कोणाला तरी उद्देशून केलेले असते, ठरीव शब्दांत केलेले असते, आणि ते ऐकून ऐकणाऱ्याने काही करावे वा करू नये अशी त्यात अपेक्षा असते. ज्या लेखनाला दररोज एवढा मोठा वाचकवर्ग आहे, ज्यातील एका विशेषणाच्या अर्थावर एखाद्या द्राक्ष-बागाईतदाराचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून राहू शकते, त्या लेखनाच्या भाषेची चिकित्सा मराठीच्या अभ्यासकांनी करावयाची नाही तर कोणी करावयाची?

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे आहे. आपल्या हवामान-अंदाजाची परिभाषा मुळात पावसाळ्यासाठी घडलेली आहे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत थंडी, ढग, पाऊस, गारा, धुके आणि दव ही एकामागून एक किंवा एकमेकांत मिसळून येतात, तेव्हा ती परिभाषा तोकडी पडते. आणि शास्त्रदृष्ट्या बरोबर असलेला अंदाजही वाचकाच्या हाती पडेपर्यंत भलताच अर्थ देऊ लागतो. हे दाखविण्यासाठी डहाणूच्या किनाऱ्यापासून कसारा घाट चढून अंबडमार्गे निफाडपर्यंतचा पट्टा विचारासाठी निवडला आहे. कारण किनारा, घाट, शहर आणि काळ्या मातीचे खोरे ही चारही स्थाने येथे थोड्या अंतरात सापडतात.

२

नकाशा पाहिला तर डहाणू, नाशिक आणि निफाड ही तिन्ही ठिकाणे २० उत्तर अक्षांशाच्या आसपास, जवळजवळ एका रेषेत आहेत. डहाणूपासून निफाडपर्यंतचे सरळ अंतर दीडशे किलोमीटरांच्या आत भरेल. सूर्य दोन्हीकडे सारखाच वर येतो आणि दिवसाची लांबीही सारखीच असते. तरीही जानेवारीतील पहाट दोन्हीकडे सर्वस्वी वेगळी असते. डहाणूला समुद्राची ऊब आहे. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, आणि हवेत बाष्प भरपूर. निफाडला हवा कोरडी, आकाश निरभ्र, रात्री वारा पडलेला, आणि सभोवती गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातील सखल काळी जमीन. अशा रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात टाकते. गार झालेली जड हवा उतारावरून सखल भागात येऊन साचते. आणि वर ऊब व खाली गारठा अशी तापमानाची विपरीतता निर्माण होते. राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचे नाव वारंवार येते, त्याचे कारण हे आहे. तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंद त्या बातमीचा आधार असते.

अंबड या दोहोंच्या मध्ये आहे. नाशिकच्या नैर्ऋत्येस, पांडवलेण्यांच्या डोंगराजवळ, मुंबई-आग्रा महामार्गाच्या बाजूस असलेले हे गाव आज औद्योगिक वसाहतीच्या नावाने ओळखले जाते. येथील भिंती आणि रस्ते दिवसाची ऊब रात्री बराच वेळ धरून ठेवतात. येथून माल घेऊन निघालेली मालमोटार इगतपुरी ओलांडून कसाऱ्याला उतरते, तेव्हा ती हवामान खात्याच्या दृष्टीने एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात गेलेली असते. भारतीय हवामान विभागाने देशाचे जे ३६ उपविभाग पाडले आहेत, त्यांपैकी चार महाराष्ट्राशी संबंधित आहेत: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. नाशिक जिल्हा मध्य महाराष्ट्रात, तर पालघर व ठाणे कोकणात. ही सीमा जिल्ह्यांच्या हद्दीवरून काढलेली आहे. त्यामुळे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे घाटमाथ्याचे तालुके आणि निफाड, येवला, सिन्नर हे पूर्वेचे तालुके एकाच नावाखाली येतात. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर सिन्नर-येवल्याकडचा शेतकरी अवर्षणाशी झुंजत असतो. या दोघांना 'मध्य महाराष्ट्र' या एकाच संज्ञेने संबोधणे ही अंदाजाच्या भाषेतील पहिली अडचण होय.

३

ही परिभाषा कोठून आली हे पाहिले पाहिजे. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. तिला निमित्त झाले ते १८६४ च्या कलकत्त्याच्या वादळाचे आणि १८६६ व १८७१ मध्ये पाऊस हुकल्याने पडलेल्या दुष्काळांचे. म्हणजे वादळ आणि मोसमी पाऊस हे दोन प्रश्न घेऊनच ही संस्था जन्मास आली. १८८६ पासून मोसमी पावसाचे दीर्घ पल्ल्याचे अंदाज निघू लागले. १९२८ मध्ये तिचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले, १९३२ मध्ये पुण्यातच कृषि-हवामानशास्त्राची शाखा निघाली, आणि १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र हवामान-वृत्त देण्याची प्रथा सुरू झाली; ते वृत्त नभोवाणीवरून देशी भाषांत जाऊ लागले. हा सगळा इतिहास अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु त्यात घडलेल्या शब्दांवर पावसाचाच ठसा उमटला, हेही नाकारता येणार नाही.

याचा दोष केवळ आधुनिक शास्त्राकडे जात नाही. आपली जुनी परंपराही हिवाळी आकाशाकडे पावसाळ्याच्याच दृष्टीने पाहत आली आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेचा विचार आहे. हिवाळ्यात धरलेला मेघगर्भ १९५ दिवसांनी प्रसवतो अशी त्यातील कल्पना आहे. म्हणजे मार्गशीर्ष-पौषातील ढगाला स्वतःचे असे महत्त्व नाही. तो पुढच्या आषाढ-श्रावणाचे चिन्ह म्हणून तेवढा पाहावयाचा. सहदेव-भाडळीच्या नावावर जी वचने महाराष्ट्रात प्रचलित आहेत, त्यांचाही रोख मुख्यतः पावसावरच आहे. ज्या समाजाचे पोट चार महिन्यांच्या पावसावर अवलंबून होते, त्याने असा विचार करावा हे योग्यच होते. परंतु विहिरी, कालवे आणि ठिबक सिंचन यांच्या आधाराने नाशिकच्या शेतीचा सर्वांत महाग हंगाम आता हिवाळ्यात आला आहे. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, नोव्हेंबर-डिसेंबरात फुलोरा व मणी धरणे, जानेवारीपासून काढणी, असा द्राक्षाचा क्रम आहे. जोडीला रांगडा कांदा आणि उन्हाळ कांद्याची रोपे आहेत. शेतीचे वेळापत्रक बदलले, परंतु अंदाजाचे शब्द मात्र जुन्याच वेळापत्रकाचे राहिले.

४

आता प्रत्यक्ष वाक्यांकडे वळू. हिवाळ्यात अवकाळी पावसाचा संभव असतो तेव्हा अंदाजाचा साचा साधारणतः असा असतो: अमुक भागात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस पडण्याची शक्यता आहे. या छोट्या वाक्यातील तीन शब्द तपासून पाहण्यासारखे आहेत.

पहिला शब्द 'तुरळक'. परिभाषेत तो स्थलवाचक आहे. उपविभागातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस होणार असेल तर 'तुरळक ठिकाणी', २६ ते ५० टक्क्यांवर 'काही ठिकाणी', त्यापुढे 'बऱ्याच ठिकाणी' आणि तीनचतुर्थांशाहून अधिक असेल तर 'बहुतांश ठिकाणी'. बोलीत मात्र तुरळक पाऊस म्हणजे किरकोळ पाऊस. ऐकणारा 'ठिकाणी' हा शब्द विसरतो व 'तुरळक' तेवढा लक्षात ठेवतो. प्रदेशातील विरळपणाचा त्याच्या मनात मात्रेतील अल्पपणा होतो. गारपीट ही तर स्वभावतःच तुरळक असते. तिचा पट्टा काही गावांपुरता असतो आणि शेजारचे गाव कोरडे राहते. परंतु जेथे ती होते तेथे बाग उरत नाही. अशा आपत्तीला 'तुरळक' म्हणणे शास्त्राला धरून असेल, परंतु श्रोत्याला ते दिलाशासारखे ऐकू येते.

दुसरा शब्द 'हलका'. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे हलका, १५.६ ते ६४.४ म्हणजे मध्यम, आणि ६४.५ च्या पुढे जोरदार, अशी ही प्रतवारी आहे. ती जुलै महिन्याला आणि घाटमाथ्याला शोभणारी आहे. फुलोऱ्यातील द्राक्षाला दहा मिलिमीटर पाऊस मुळीच हलका नाही. त्याने घड कुजतात आणि डाऊनीचा प्रादुर्भाव होतो. पक्व झालेल्या मण्यांना तर त्याहून थोडाही पाऊस पुरतो, मणी तडकतात. बागलाणातील आगाप बागा नोव्हेंबरअखेर काढणीला येत असतात आणि त्याच दिवशी निफाडच्या बागा फुलोऱ्यात वा मणी धरण्याच्या अवस्थेत असतात. एकाच पावसाने दोन तालुक्यांत दोन वेगळ्या प्रकारची हानी होते, आणि दोन्हींचे नाव 'हलका पाऊस'. किनाऱ्यावरही हेच आहे. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील भिजण्यास आणि आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे व भुरी वाढण्यास जोरदार पाऊस लागत नाही. ओलसर ढगाळ हवा आणि एखादी सर पुरते.

तिसरा शब्द 'शक्यता'. हवामान विभागाच्या पद्धतीत संभवदर्शक शब्दांना टक्क्यांची बैठक आहे. त्यातील नुसती शक्यता २५ ते ५० टक्क्यांची असते. ५० ते ७५ टक्के म्हणजे अधिक शक्यता, व त्यापुढे सर्वाधिक. याचा अर्थ असा की, नुसती 'शक्यता आहे' असे म्हटले जाते तेव्हा ती गोष्ट न घडणेच अधिक संभवनीय असते! मराठी वाचकाला हे कोणी सांगितलेले नसते. तो 'शक्यता' ऐकतो, फवारणी करतो, पाऊस येत नाही, आणि अंदाज चुकला असे म्हणतो. पुढच्या वेळी तो फवारणी टाळतो आणि पाऊस येतो. दोन्ही वेळा अंदाज आपल्या अर्थाने खराच होता. चूक झाली ती अनुवादात, आणि तिचा खर्च मात्र बागाईतदाराने सोसला.

पाऊस नसतो तेव्हाचे वाक्यही पाहण्याजोगे आहे. 'हवामान कोरडे राहील' याचा परिभाषेतील अर्थ एवढाच की कोणत्याही केंद्रावर पावसाची नोंद होणार नाही. परंतु द्राक्षाच्या पानाला पावसाचे पाणी आणि दवाचे पाणी यांतील भेद कळत नाही. पान किती तास ओले राहिले यावर बुरशीची वाढ अवलंबून असते. धुके पडून नऊ वाजेपर्यंत पाने निथळत राहिली, तर तो दिवस पत्रकात कोरडा आणि बागेत ओला. आपल्या बोलीत दव, दहिवर, धुई, धुके असे जवळजवळचे पण निरनिराळे शब्द आहेत. अंदाजाने त्यांच्या जागी 'कोरडे' हा एकच शब्द ठेवला.

५

थंडीच्या बाबतीत परिभाषा थोडी अधिक सावध आहे, हे नमूद केले पाहिजे. सपाटीच्या केंद्रावर किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीहून ४.५ ते ६.४ अंशांनी खाली गेले असेल, तर थंडीची लाट. घट त्याहून अधिक असेल तर तीव्र लाट. तापमान ४ अंशांवर वा त्याखाली आले तर सरासरी न पाहताही लाट मानतात. किनाऱ्यासाठी मर्यादा वेगळी आहे: तेथे १५ अंश किंवा त्याखालचे तापमान आणि ४.५ अंशांची घट एवढे पुरते. किनारा आणि अंतर्भाग यांना वेगळे माप लावले पाहिजे हे तत्त्व येथे मान्य झालेले आहे. मग पावसाच्या बाबतीत ऋतूनुसार वेगळे माप का असू नये, हा प्रश्न त्यातूनच निघतो.

तथापि या मापातही उणीव राहते. समजा, एखाद्या केंद्राची जानेवारीतील सरासरी ९ अंश आहे. तेथे तापमान ५ अंशांपर्यंत उतरले तर घट चार अंशांची. लाटेचा निकष पूर्ण होत नाही. परंतु १० अंशांखाली द्राक्षवेलीची वाढ मंदावते, मण्यांची फुगवण अडते, आणि काढणीजवळच्या घडांत गुलाबी मणी निघू लागतात. जो प्रदेश मुळातच थंड, त्याची थंडी सरासरीत मुरलेली असते आणि म्हणूनच ती बातमीत येत नाही. 'किमान तापमानात दोन ते तीन अंशांनी घट होईल' या नित्याच्या वाक्याची गतही हीच. मुंबईत १८ चे १५ झाले तर लोक स्वेटर काढतात आणि हवा छान पडली म्हणतात. निफाडला ८ चे ५ झाले तर पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि विहिरीचे उबदार पाणी ठिबकने सोडावे लागते.

दुसरी उणीव उंचीची. केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, लाकडी पेटीच्या सावलीत असतो. शांत, निरभ्र रात्री पिकाच्या पानाजवळचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी असू शकते. महाबळेश्वरच्या अधिकृत नोंदीत तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात ते यामुळेच. या विषयातील एक महत्त्वाचे निरीक्षण पुण्याच्या कृषि-हवामान शाखेशी निगडित आहे. एल. ए. रामदास यांनी एस. आत्मनाथन् यांच्यासह १९३२ मध्ये असे दाखविले की, शांत रात्री सर्वांत थंड थर नेमका जमिनीलगत नसून तिच्यापासून काही दशांश मीटर वर असू शकतो. हा थर आज रामदासांच्या नावाने ओळखला जातो. ज्या भूमीत हे संशोधन झाले, तेथील अंदाजाने पिकाच्या उंचीवरच्या थंडीला अजून शब्द दिलेला नाही, ही गोष्ट खेदाची आहे.

स्थानाची उणीव तर शहराच्या आतही दिसते. जानेवारी १९६२ मधील कडाक्यात मुंबईत सांताक्रूझला ७.४ अंश आणि कुलाब्याला ११.७ अंश असे नीचांक नोंदले गेले. एकाच शहरात चार अंशांहून अधिक अंतर! मग 'नाशिक' या एका आकड्यात अंबडची वसाहत आणि निफाडचे शिवार कसे मावावे?

६

आतापर्यंत एकेका घटकाचा विचार केला. हिवाळ्याचे खरे वैशिष्ट्य मात्र घटकांच्या क्रमात आहे. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात पुढे सरकत असता आपल्याकडे वारे फिरतात, ढग येतात, रात्रीचा गारठा कमी होतो. त्याच वेळी अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा असला आणि पूर्वेकडून बंगालच्या उपसागरावरील बाष्प आले, तर दोहोंचा संगम होऊन गडगडाटी पाऊस व गारा होतात. झंझावात पुढे गेला की आकाश निवळते. ओल्या जमिनीवर धुके धरते. आणि उत्तरेचे कोरडे वारे सुटून थंडीचा कडाका येतो. ऊब, पाऊस, धुके, गारठा ही चार दिवसांची एकच कथा आहे. अंदाजाचे तक्ते मात्र तिचे रकान्यांत तुकडे करतात: पावसाचा रकाना, तापमानाचा रकाना, धुक्याचा रकाना. प्रत्येक रकान्याचा स्वतंत्र उंबरठा असतो. संकट दोन रकान्यांच्या मध्ये घडले, तर ते कोणत्याच उंबरठ्याला शिवत नाही.

१ व २ डिसेंबर २०२१ चे उदाहरण येथे बोलके आहे. अरबी समुद्रातील पट्ट्यामुळे किनाऱ्यापासून मध्य महाराष्ट्रापर्यंत भर डिसेंबरात दिवसभर पाऊस झाला, दिवसाचे तापमान एकदम खाली आले आणि बोचरा वारा सुटला. पुणे व तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत उघड्यावर बसविलेल्या कळपांतील शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. ढगाळ आकाशामुळे रात्रीचे तापमान थंडीच्या लाटेच्या निकषापासून दूरच होते. ती लाट नव्हती. पावसाच्या प्रतवारीतही जुलैच्या मानाने त्यात विलक्षण असे काही नव्हते. भिजलेली लोकर, वारा आणि न उजाडलेला दिवस यांच्या बेरजेने मेंढ्या मेल्या. आणि ही बेरीज सांगणारा शब्द कोणत्याही पत्रकात नव्हता. मेंढपाळाच्या बोलीत 'गारठा' हा शब्द आहे. त्यात तापमान, ओल आणि वारा तिन्ही येतात. परिभाषेने तो घेतलेला नाही.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड व परिसरात गारपीट झाली आणि द्राक्षबागांचे अतोनात नुकसान झाले. त्या वेळी आगाऊ सूचना नव्हती असे म्हणता येणार नाही. मेघगर्जनेसह पावसाचा इशारा दिला गेला होता. परंतु इशारा जिल्ह्याला होता आणि गारा काही गावांना पडल्या. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ गुजरातच्या किनाऱ्याकडे जाताना विरले, तेव्हा मुंबईत पाऊस आणि नाशिककडे ढगाळ, दमट हवा, असा एकाच घटनेचा दोन ठिकाणी दोन प्रकारचा परिणाम झाला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने तर राज्यातील बहुतेक जिल्ह्यांना ग्रासले.

२०१४, २०१७, २०२१, २०२३. ही यादी डोळ्यांसमोर ठेवून 'अवकाळी' या शब्दाचा विचार करावा. अवकाळी म्हणजे ज्याचा काळ नव्हे असा. हा शब्द पावसाचे वर्णन करीत नाही, त्याला दोष देतो. ज्या गोष्टीचा काळच नाही तिची तयारी कोणी करावी? ती वारंवार आली तरी दर वेळी अघटितच ठरते, आणि पंचनामा, मदत, निवेदन या चक्राबाहेर विचार जात नाही. गंमत अशी की, हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेने हा पाऊस कधीच काळाच्या चौकटीत बसविला आहे: अवेळी पाऊस, कमी तापमान आणि जोडीला गारपीट यांसाठी तेथे निश्चित कालावधी आणि मंडळाच्या केंद्रावरील निश्चित आकडे ठरलेले असतात. विमेदाराला जो धोका हिशेबात धरता येतो, तो अंदाजकर्त्याच्या भाषेत मात्र अजून अनाहूत पाहुणा आहे. त्याला 'हिवाळी पाऊस' असे साधे नाव दिले तरी दृष्टीत फरक पडेल.

७

या विवेचनावर काही आक्षेप संभवतात व ते उपेक्षणीय नाहीत. पहिला असा की, परिभाषा सर्व देशाला व सर्व ऋतूंना समान असली पाहिजे. नाही तर नोंदींची तुलनाच करता येणार नाही. हे खरे आहे. परंतु नोंदीची भाषा आणि सूचनेची भाषा एकच असावी असा नियम नाही. वैद्य आपल्या वहीत एक लिहितो आणि रोग्याला दुसऱ्या शब्दांत सांगतो. त्यात त्याच्या शास्त्राला बाध येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शास्त्राला जेवढे कळते त्याहून बारीक भाषा वापरली, तर ती अचूकतेचे सोंग ठरेल. कोणत्या गावावर गारा पडतील हे दोन दिवस आधी सांगता येत नाही. गणिती प्रारूपात प्रदेशाचे जे चौकोन पाडतात ते प्रदीर्घ काळ बारा किलोमीटर व त्याहून मोठे होते. सह्याद्रीची कड एवढ्या चौकोनात सपाट होऊन जाते. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत घडविलेली, सहा किलोमीटरांच्या चौकोनाची प्रणाली कार्यान्वित झाली आणि ग्रामपंचायतींच्या समूहापर्यंत अंदाज नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. ही प्रगती मोठी आहे. तथापि चौकोन लहान झाला म्हणून शब्द आपोआप नेमका होत नाही. भ्रमणध्वनीवर 'अंबड' हे नाव टाइप करून जो अंदाज पाहतो, त्याला हे ठाऊक असले पाहिजे की अंबड नावाचे तालुक्याचे गाव जालना जिल्ह्यातही आहे. ते येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर, मराठवाडा उपविभागात आहे. आकडा एका अंबडचा आणि वाचक दुसऱ्या अंबडचा, असे घडणे अशक्य नाही. गावाच्या नावाने आलेला आकडा नेमका वाटतो. तो कोणत्या चौकोनाचा, किती उंचीचा, कोणत्या वेळेचा, हे तो सांगत नाही. म्हणून आक्षेपकाची भीती रास्त असली तरी तिचा रोख चुकतो. अचूकतेचे सोंग बारीक आकड्यांनी येते. आपल्याला काय माहीत नाही हे स्पष्टपणे सांगणारी भाषा त्या सोंगावरील उपाय आहे.

तशी भाषा मराठीत शक्य आहे काय? एक काल्पनिक नमुना देतो. 'मंगळवारी दुपारनंतर पश्चिमेकडून ढग येतील आणि त्या रात्री गारठा कमी वाटेल. बुधवारी दुपार ते संध्याकाळ घाटमाथ्यापासून चांदवडपर्यंत काही गावांत गडगडाटी सर येईल; ती कोणत्या गावी हे आज सांगता येत नाही. दहा गावांपैकी दोन-तीन गावांत ती यावी, आणि जेथे ती येईल तेथे गारांचा धोका धरावा. गुरुवारी पाऊस नाही, पण सकाळी उशिरापर्यंत धुके राहील व पाने ओली राहतील. शुक्रवारी उत्तरेचा वारा सुटेल. शनिवारी पहाटे नदीकाठच्या सखल शिवारात नाशिक शहरापेक्षा तीन-चार अंश कमी तापमान असेल. कसारा घाटाखाली मात्र या आठवड्यात थंडीचा त्रास नाही.' या मजकुरात प्रारूपांना न कळणारे असे काही घातलेले नाही. क्रम, वेळ, उंची आणि अज्ञान एवढ्या चार गोष्टी तेवढ्या उघड केल्या आहेत.

८

तात्पर्य, 'अंदाज चुकतात' ही सर्वतोमुखी असलेली तक्रार अर्धवट आहे. पुष्कळ वेळा अंदाज चुकलेला नसतो. तो दुसऱ्या ऋतूच्या भाषेत सांगितलेला असतो. तो वाचणारा आपल्या ऋतूच्या भाषेत त्याचा अर्थ लावतो, आणि मधल्या दरीत त्याचे पीक जाते. ही दरी बुजविण्याचे काम एकट्या हवामानशास्त्रज्ञांवर सोपविणे योग्य होणार नाही. नाशिकच्या खोऱ्यात, डहाणूच्या किनाऱ्यावर आणि घाटातील वाड्या-पाड्यांवर थंडी, ओल, वारा व आभाळ यांसाठी जे शब्द आज वापरात आहेत, त्यांचा अर्थ, प्रांत आणि प्रसंग यांसह कोश व्हावयास हवा. त्यांतील कोणता शब्द मोजता येण्याजोग्या घटनेशी जुळतो, हे शास्त्रज्ञांच्या सहकार्याने ठरवावयास हवे. आणि हंगाम संपल्यावर प्रत्येक वर्षी त्या हंगामातील अंदाजांची शब्दशः फेरतपासणी व्हावयास हवी: काय म्हटले होते, लोकांनी काय समजून घेतले, आणि काय घडले.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय मिळत नाही अशी ओरड आपण ऐकतो. त्यांनी नोव्हेंबरात अंबडहून निघून एक हिवाळा निफाडच्या बागांत आणि एक डहाणूच्या वाड्यांत काढावा, आणि पहाटे शेकोटीपाशी जे बोलले जाते ते टिपून आणावे. त्या टिपणांतून अंदाजाला लागणारे पुष्कळ शब्द मिळतील.